किरकोळ खात्यातलं रडणं

मयत खातेदारांचे दावे आमच्या शाखेत माझ्या टेबलावर येतात. हे टेबल मला ज्येष्ठतेनुसार मिळालं असं मॅनेजरसाहेब म्हणतात. माझा चेहराच त्या कामाला शोभतो असं बाकीचे म्हणतात. चेहऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात एक आजी यजमानांच्या बचत खात्याचा दावा घेऊन आल्या. मृत्यूचा दाखला, पासबुक, आधारची झेरॉक्स, सगळं चोख. मी म्हटलं, "आजी, पासबुक इथंच जमा करावं लागेल." एवढंच म्हटलं हो. आजींनी पासबुक पदराखाली घेतलं आणि त्या रडायला लागल्या. आवाज जवळजवळ नाहीच. पदराचा बोळा तोंडात, खांदे तेवढे हलताहेत आणि मधूनच अडकलेला श्वास सुटल्याचा एक बारीक आवाज. मी आवंढा गिळला आणि पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. आजी पाणी न पिता उठल्या आणि पासबुक घेऊन घरी गेल्या.

आता दावा का राहिला याची नोंद हवी. आमच्या तरुण अधिकाऱ्यानं संगणकात शेरा मारला : 'ग्राहक भावुक झाल्यामुळे प्रक्रिया अपूर्ण.'

भावुक! अहो, भावुक माणूस गझल ऐकताना होतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना होतो, आणि तेही घरी जाऊन शाल सुती निघेपर्यंतच. मराठीत भावुक हा माणसाचा स्वभाव होता. टीव्हीवाल्यांनी त्याची क्रिया करून टाकली. हल्ली पुढारी पक्ष सोडताना भावुक होतात, खेळाडू बॅट ठेवताना भावुक होतात, नटी पहिलं घर घेताना भावुक होते, आणि ज्याचं घर पुरात वाहून गेलं तो शेतकरीही भावुकच होतो. सगळ्यांना एकच माप!

मी अधिकाऱ्याला म्हटलं, "साहेब, आजी मुसमुसत होत्या."

तो म्हणाला, "काका, अर्थ तोच ना? शब्द कशाला वाढवायचे?"

इथं माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. मी त्याला विचारलं, "समजा, शाखेचं भाडं, वीज, चहा, स्टेशनरी आणि शिपायाचा ओव्हरटाइम मी एकाच 'किरकोळ खर्च' खात्यात टाकला. अर्थ तोच ना? पैसे गेले! पण ऑडिटर माझं काय करील?" तो गप्प बसला, कारण ऑडिटर पुढच्याच आठवड्यात यायचा होता. सत्तर रुपयांच्या टाचण्या किरकोळ खात्यात टाकल्या तर खुलासा मागणारी आपण माणसं, आणि बाईचं पन्नास वर्षांचं माणूस गेल्याचं रडणं खुशाल किरकोळ खात्यात टाकतो.

बरं, भाषेत खाती कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. मुसमुसणं तोंड लपवून असतं. स्फुंदण्यात श्वासाला झटके बसतात. हुंदका तर नगावर मोजता येतो. एकच हुंदका देऊन माणूस पुन्हा कामाला लागू शकतो. ओक्साबोक्शी रडताना लाज सुटलेली असते. आणि हंबरडा! त्यात हंबरणारी गाय आहे. वासरू नेल्यावर गोठ्यातून जो आवाज येतो तो ज्यानं ऐकलाय, त्याला हा शब्द कोशात बघावा लागत नाही. डोळ्यांचंही तसंच. ते पाणावतात, डबडबतात, आणि मग घळाघळा वाहतात. तीन पायऱ्या आहेत. आजारी माणूस कण्हतं, चटका बसलेलं विव्हळतं. पोर नुसतं कंटाळलं असेल तर किरकिरतं. आया हा फरक भिंतीपलीकडून ओळखतात आणि त्याप्रमाणं उठतात किंवा उठत नाहीत. आवाजाला नाव असतं म्हणून तर दूध उतू न घालवता घर चालतं.

शिवाय प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं. हंबरडा फोडायचा, गळा काढायचा, भोकाड पसरायचं, धाय मोकलायची, टिपं गाळायची. भोकाड कुणी फोडत नाही आणि गळा कुणी पसरत नाही. जमेच्या स्लिपवर पैसे काढता येत नाहीत, तितकाच कडक नियम. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज कप्तानाला हे कळलं होतं. त्यानं मराठी शब्द वेचून १८३१ साली कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा छापला. पुढं दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. एवढी माणसं खपली ती आपण 'भावुक' म्हणून मोकळं व्हावं म्हणून?

कुणी म्हणेल, जुन्या लोकांचं रडणं नाटकी होतं. काही अंशी कबूल. माझी एक आत्या सुतकाच्या घरी उंबऱ्यातच गळा काढायची. गेलेल्या माणसानं तिला कधी कोणती चोळी घेतली, कधी आंब्याची करंडी पाठवली, हे सगळं सुरात सांगत रडायची, आणि मध्येच सूर न सोडता "माझ्या चहात साखर नको गं" हेही सांगायची. आम्ही पोरं माजघरात तोंड दाबून हसायचो. आता वाटतं, आत्या त्या माणसाचं खातं मोठ्यानं वाचून दाखवत होती. जमा कोणती, नावे कोणती, सगळ्यांसमक्ष. हल्ली माणूस गेलं की मोबाईलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते. एकानं लिहायचं आणि एकशे बारा जणांनी तेच पुढं ढकलायचं. आमच्या सोसायटीत तर एका गृहस्थानं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं पिवळं तोंड धाडलं. त्याला ते रडकं वाटलं होतं! आत्याच्या रडण्यात ही चूक होणं शक्य नव्हतं.

आणि मराठी माणसाला रडण्याचं वावडं तरी कधी होतं? 'श्यामची आई' १९५३ साली पडद्यावर आला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९९१ साली 'माहेरची साडी'ला आमच्या घरच्या बायका जादा रुमाल घेऊन गेल्या आणि समाधानानं परतल्या. पदरचे पैसे देऊन रडणारा समाज आहे हा. मग फुकट रडायची वेळ आली की शब्दांची काटकसर का?

१ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चौघं आले तर चौघं चार तऱ्हांनी रडतील. एक ढसाढसा, एक मुळुमुळु, एक नुसतेच डोळे टिपील, आणि चौथा रक्कम ऐकल्यावर. शेरा मात्र एकच.

हे सगळं मी घरी तावातावानं बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "एवढं शब्दांचं बोलताय, मग तुमचे नाना गेले तेव्हा कोण म्हणत होतं, मी रडलोच नाही?"

ते खरं होतं. मी तसंच सांगत आलोय. दहाव्यापर्यंत हिशेब बघत होतो, भटजी, स्वयंपाकी, मंडपवाला. "काय वाटलं?" असं एका मित्रानं विचारलं तेव्हा मी "वाईट वाटलं" म्हणालो होतो, म्हणजे बस चुकल्यावर म्हणतो तेच.

"नाहीच रडलो," मी म्हटलं.

"तेराव्याच्या रात्री उशीत तोंड घालून मुसमुसत होतात. पहाटेपर्यंत."

"सर्दी झाली होती मला."

"सर्दीत माणूस सूं सूं करतं," ती मेथीची जुडी उलटी करत म्हणाली, "मुसमुसत नाही."