‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ : एका गोड शब्दाची झाडाझडती

१/ संग्रहालयांच्या प्रदर्शनांत अलीकडे एक शब्द हमखास भेटतो : ‘देवाणघेवाण’. दालनाच्या तोंडाशी भला मोठा फलक, त्यावर गलबते, मिरी, मणी आणि मलमल. आणि दोन संस्कृती जणू संक्रांतीचा तिळगूळ वाटायला एकत्र आल्या होत्या, असा एकंदर सूर. माझे भांडण या सुराशी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

२/ प्रदर्शने भरूच नयेत असे माझे म्हणणे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर २०१७मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरले होते. मायरनच्या थाळीफेक्याची रोमन काळातली संगमरवरी प्रतिकृती लंडनचे तिकीट न काढता मुंबईत घुमटाखाली पाहता आली, ही काही लहान गोष्ट नव्हे. वस्तू आल्या, लोकांनी पाहिल्या, उत्तम झाले. प्रश्न वस्तूंचा नाही. वस्तूंभोवती जी कथा विणली जाते तिचा आहे.

३/ आता कोल्हापूरला चला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. १९४०च्या दशकात तिथे कांस्यवस्तूंचा एक साठा सापडला आणि १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. त्या साठ्यात एक छोटी, हातात मावेल एवढी मूर्ती होती : पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे. आज ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियमची आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ट्री अँड सर्पंट’ हे प्राचीन बौद्ध कलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा ती तिथवर जाऊन आली.

४/ हा पोसायडन कोल्हापुरात का आला असेल? देव म्हणून? कुणा व्यापाऱ्याच्या घरची शोभेची वस्तू म्हणून? की मोड म्हणून, वितळवायला? तिसरा प्रश्न ऐकून नाक मुरडू नका. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तीत तांबे, कथील आणि शिसे ठळकपणे येतात. दख्खनला धातू हवा होता. ‘दोन संस्कृतींच्या मीलनाचे प्रतीक’ असे त्या मूर्तीखाली लिहिले की हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात मरतात.

५/ याच यादीत राजासाठी म्हणून खास आणला जाणारा माल वेगळा नोंदवला आहे. मौल्यवान चांदीची भांडी, उंची मद्य, तलम वस्त्रे. आणि गाणारी मुले. आणि अंतःपुरासाठी देखण्या मुली. चांदीची भांडी आणि माणसे एकाच यादीत, एकाच दमात. ही मुले कुठली होती, त्यांची नावे काय, पुढे त्यांचे काय झाले, काही काही ठाऊक नाही. ‘देवाणघेवाणीचा उत्सव’ साजरा करताना निदान ही ओळ दालनात कुठेतरी असायला हवी. मद्यकुंभाची खापरे काचेच्या पेटीत मांडता येतात, त्या मुलांचे काहीच उरलेले नाही. म्हणून तर ती फलकावर अधिक हवीत.

६/ पुढे चला. याच ग्रंथात कल्याणविषयी एक विलक्षण नोंद आहे. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती. पण सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती ते गेल्यापासून तिथल्या व्यापाराची कोंडी झाली आहे, आणि एखादे ग्रीक गलबत चुकून तिथे लागलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाते. म्हणजे नाकेबंदीच. बहुतेक अभ्यासक ही नोंद शक क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याशी जोडतात. कोकणचे बंदर बंद पाडायचे, माल आपल्या बंदरात वळवायचा, जकात आपल्या पेटीत टाकायची. आजच्या कल्याणकराला हे समजावून सांगायला फलकावर चार ओळी पुरतात.

७/ त्या झगड्याचा शेवट नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडला, १९०६ साली. चांदीची १३,०००हून अधिक नाणी. मूळची क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा घाव! एकाच नाण्यावर ग्रीक अक्षरे, ब्राह्मी, खरोष्ठी आणि वर सातवाहन चिन्ह. ‘बहुसांस्कृतिक’ म्हणून याहून देखणी वस्तू मिळणार नाही. पण तो ठोकण्याचा आवाज ऐकू येऊ न देता ते नाणे दाखवणे म्हणजे लढाई वजा करून विजयस्तंभ दाखवणे.

८/ आता ज्यांच्यावाचून हा व्यापार उभाच राहिला नसता, त्यांच्याकडे येऊ. पेरिप्लस सांगतो की पैठणहून गोमेद आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. ते कापड विणले कुणी?

९/ उत्तराचा एक तुकडा नाशिकच्या पांडवलेणीत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नाही, फक्त व्याज द्यायचे. २,०००वरच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. हिशेब करून पाहा : महिन्याला वीस, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षू गुणिले बारा म्हणजे २४०च. चोख!

१०/ हा लेख वाचताना मला दरवेळी नवल वाटते. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या संघटनेकडे ठेवतो, कारण राजे येतील-जातील पण माग चालू राहतील याची त्याला खात्री आहे. (आणि झालेही तसेच. त्याचा सासरा हरला.) दख्खनच्या व्यापाराचा याहून बोलका पुरावा माझ्या पाहण्यात नाही. आणि तो कुठल्याही देवाणघेवाणीच्या प्रदर्शनात मूळ रूपात कधीही जाणार नाही, कारण तो डोंगराच्या भिंतीत आहे.

११/ माझ्या तक्रारीचे मूळ इथे आहे. प्रदर्शनात जाते ते काय? जे सुंदर आहे, टिकाऊ आहे आणि खोक्यात घालून विमानात चढवता येते ते. कांस्य, हस्तिदंत, सोने. कापड कुजून गेले, माग मोडले, जकातनाके पडले, व्याजाचे दर डोंगरात राहिले, गुलाम मुलांची हाडेही राहिली नाहीत. मग उरलेल्या सुंदर वस्तू एकमेकींशेजारी मांडल्या की त्या आपोआप मैत्रीची कथा सांगू लागतात. अभिरक्षक लबाड असतो म्हणून नव्हे. त्याच्या हाती तेवढेच असते म्हणून. पण जे हाती नाही त्याची जागा मोकळी दाखवायची, की गोड शब्दाने भरून काढायची, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्याचा.

१२/ समुद्रापलीकडेही तिळगूळ नव्हता. व्हिएन्नात एक पपायरस आहे, केरळच्या मुझिरिसहून निघालेल्या ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजाच्या मालाचा : जटामांसी, हस्तिदंत वगैरे. रोमन साम्राज्यात शिरताना अशा मालावर २५ टक्के कर. चौथाई हा शब्द ऐकून ज्यांच्या अंगावर रोमांच येतात त्या मित्रांनी नोंद घ्यावी, ती वसूल करणारे आपण पहिले नव्हतो. आणि रोममध्ये प्लिनी कुरकुरत होता की हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्याचा आकडा तंतोतंत खरा मानायचे कारण नाही. पण ती कुरकुर खरी आहे.

१३/ आता स्वकीयांकडे वळतो, कारण दोष फक्त संग्रहालयांचा नाही. ‘पोम्पेईत सापडलेली आपली लक्ष्मी’ ही पोस्ट तुम्हीही पुढे पाठवली असेल. मीही पाठवली होती. १९३८ साली अमेदेओ माइउरी यांना पोम्पेईत सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ७९ साली व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलेली. सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती लक्ष्मी असल्याचे कोणतेही चिन्ह तिच्यावर नाही. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंस सेविका असलेली यक्षी मानणे अधिक सयुक्तिक. डोक्यात वरून भोक पाडलेले आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा भाग असावी. देव्हाऱ्यातली देवी नव्हे.

१४/ ‘मग मराठवाड्याची तरी आहे ना?’ तशाच धाटणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत, हे खरे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावे सांची-भारहुतच्या लेखांत येतात. पण पोम्पेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. दख्खनी घडण, वायव्येची खूण, इटलीत शेवट. ही गुंतागुंतच खरी गोष्ट आहे. ती सोडून आपण लक्ष्मीची आरती करत बसतो आणि फलकावरच्या गुळगुळीत वाक्याला आपलाच गुळगुळीत अभिमान जोडतो.

१५/ कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब आठवा. धेनुकाकट येथील ‘यवनां’नी दिलेले खांब तिथे आहेत, पण दात्यांची नावे प्राकृत वळणाची. ते ग्रीक होते, ग्रीकांचे वंशज होते, की यवन हे नुसते बिरुद उरले होते? वाद चालू आहे. वाद चालू आहे, एवढेच फलकावर लिहायला काय हरकत आहे?

१६/ हरकत मला ठाऊक आहे : ‘सामान्य प्रेक्षकाला एवढे झेपत नाही, तो कंटाळेल.’ हा सामान्य प्रेक्षक मी तरी पाहिलेला नाही. नाशिकच्या व्याजाचा हिशेब सातवीतल्या मुलाला घालून पाहा, तो मिनिटात सोडवील आणि वर विचारील की श्रेणी बुडाली तर काय. कॅटलॉगात हे सारे बहुधा असतेच, जाडजूड आणि महाग. भिंतीवर ते क्वचित येते. जाणकारांना प्रश्न आणि बाकीच्यांना उत्सव, अशी ही वाटणी मला मान्य नाही.

१७/ आणि देवाणघेवाण हाच शब्द ठेवायचा असेल तर तो पाळा. ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ मुंबईत भरले, मग दिल्लीत. मुंबईच्या संग्रहालयाची फिरती बस गावोगाव जाते, ते कौतुकाचेच आहे. पण पोसायडन कोल्हापूरहून न्यूयॉर्कला जाऊ शकतो, तर पोम्पेईची यक्षी चार महिने तेरच्या लामतुरे संग्रहालयात, तिच्या सख्ख्या बहिणीशेजारी, का येऊ शकत नाही? सुरक्षा, तापमान, विमा, ही सारी कारणे खरी आहेत. ती दूर करायला लागणारा पैसा कुणी मागितला, कधी मागितला, हे विचारायचे काम आपले. पत्रे लिहा. मी लिहिणार आहे.

१८/ तोवर कोल्हापूरच्या मूर्तीसाठी माझ्याकडून एक फलक, फुकट :
‘पोसायडन, ग्रीक समुद्रदेव. कांस्य. ब्रह्मपुरी येथील साठ्यातून. भूमध्य सागराच्या परिसरातून आला असावा. कुणी आणला, कशासाठी, आणि त्याच्या बदल्यात इथून काय गेले, हे ठाऊक नाही. त्या काळी याच मार्गांनी धातू, मद्य आणि विकलेली माणसे येत. कापड, मिरी आणि हस्तिदंत जाई. त्यातले कापड विणणाऱ्यांचा हिशेब पाहायचा असल्यास नाशिकला जा, लेणे क्रमांक १०.’