रुपयाला पन्नास रुपये, पण कुणाच्या पदरात?



2020 साली दिल्लीच्या राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला एक हिशेब करून दिला. मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठी आणि त्याला लागणाऱ्या महासंगणकांसाठी सरकारने सुमारे 1,000 कोटी रुपये घातले. त्यातून देशाचा सुमारे 50,000 कोटींचा फायदा, असा तो हिशेब. एका रुपयाला पन्नास रुपये! असा नफा कापसात नाही, सोन्यात नाही, सावकारीतही नाही.

आकडा ऐकून आमच्यातले बरेच जण हसले. हवामान खात्याला हसण्याची आपल्याला जुनी सवय आहे. खाते पाऊस म्हणते, म्हणजे खुशाल वाळवण घाला, हा विनोद प्रत्येक गावच्या पारावर होतो. आम्ही मात्र हसायला तयार नाही. हसून सोडून दिले की हिशेब विचारण्याचा हक्कही सुटतो. पन्नास रुपये खरे असतील तर त्यातले आमच्या वाट्याचे किती, आणि ते वाटेत कुठे अडले, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

विज्ञान खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. हवामान खाते 1875 साली सुरू झाले. पाठोपाठ 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला. माणसे मेली, साराही बुडाला, आणि पाऊस आधी कळला पाहिजे हे इंग्रजाच्या ध्यानात आले. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरचे बर्फ पाहून 1886 मध्ये मान्सूनचा पहिला रीतसर अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवून दाखवून दिले की पॅसिफिक महासागर आणि आपला हिंदी महासागर पाळण्यासारखे झुलतात. इकडे दाब चढला की तिकडे उतरतो, आणि त्या झोक्यावर आपला पाऊस हेलकावतो. आज ज्याला 'एल निनो' म्हणतात त्याचा धागा तिथून निघतो. शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग 1932 साली पुण्यात उघडला. उष्णप्रदेशीय हवामानाची संशोधन संस्था 1962 साली पुण्यातच निघाली. म्हणजे हे ज्ञान काही परदेशातून उसने आणलेले नाही. ते आपल्या उशाशी तयार झाले, आणि त्याचा खर्च आपण काडीपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर भरलेल्या करातून झाला.

चुका झाल्या, मोठ्या झाल्या. 1988 पासून सोळा घटकांच्या सूत्रावर अंदाज निघू लागले आणि वर्षानुवर्षे ते सूत्र बरोबर येते असे सांगितले गेले. 2002 मध्ये त्याच सूत्राने सरासरीएवढा पाऊस सांगितला आणि पडला 81 टक्के. जुलै महिना तर निम्म्यावर आला. 2009 मध्ये एप्रिलचा अंदाज 96 टक्के, पडला 78 टक्के. पण शास्त्रज्ञांनी 2002 नंतर जुने सूत्र टाकले, नवे घेतले, 2012 पासून समुद्र आणि हवा एकत्र मांडणारी गणिते महासंगणकावर चालवायला घेतली. चूक कबूल करून अवजार बदलणारा माणूस आम्हाला मानावासा वाटतो. आमच्यातही तिफण बदलायला दहा वर्षे घेणारे आहेत.

हेच विज्ञान पुरते वापरले तर काय होते, हे ओरिसात पाहावे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. 2013 मध्ये 'फायलिन' वादळ आले तेव्हा खात्याने काही दिवस आधी मार्ग आणि वेळ सांगितली, सरकारने सुमारे दहा लाख माणसे हलवली, आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. तिथे अंदाज दिल्लीत छापून थांबला नाही. तो गावात गेला, घराघरात गेला, त्याच्यामागे गाडी आणि निवारा होता. कोरडवाहू शेतकऱ्याचे मरण एका रात्रीत होत नाही, म्हणून की काय, त्याच्या अंदाजामागे कुणी गाडी पाठवत नाही.

आता 2023 साल आठवा. एप्रिलमध्ये खात्याने 96 टक्के पाऊस सांगितला, पाच टक्के इकडेतिकडे धरून. पावसाळा संपल्यावर देशाची बेरीज झाली 94 टक्के. अंदाज पास झाला. आणि आपण? ऑगस्टमध्ये देशात 36 टक्के पाऊस कमी पडला, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना आभाळ कोरडे, युरिया टाकून झालेला, डवरणी झालेली, खिसा रिकामा झालेला. हलक्या मुरमाड रानात पात्या गळाल्या. शेवटी 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. एका बैलापुढे दोघांची वैरण टाकली आणि दुसऱ्याला उपाशी ठेवले, तर जोडीची सरासरी बरोबरच येते; पण ती जोडी जुवाखाली उभी राहत नाही. देशाची सरासरी शेअर बाजाराला उपयोगी, रिझर्व्ह बँकेला उपयोगी. आम्हाला हवे ते एवढेच: पेरल्यावर पंधरा दिवसांचा खंड आहे का, आणि शाळूच्या पेरणीला उत्तरा-हस्ताची ओल मिळेल का.

याचे उत्तर विज्ञानाकडे नाही असेही नाही. दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज आता दर आठवड्याला निघतो. जुलै 2023 च्या अखेरीस खात्याने ऑगस्टचा पाऊस कमी बाजूला राहील असे सांगितलेही होते. ते आमच्यापैकी किती जणांपर्यंत, कुणाच्या तोंडून, कोणत्या भाषेत पोचले? 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या ठाण्यांपैकी फार तर चौथाईवर पाऊस, असा ठरलेला आहे. हे आम्हाला शाळेत सांगितले नाही, रेडिओने सांगितले नाही, कृषी सहायकानेही नाही. मग तुरळक म्हटल्यावर प्रत्येकाला आपलेच शेत त्या चौथाईत दिसते आणि तो सरकी टोकून मोकळा होतो. 2025 च्या हंगामात कपाशीच्या बीजी-2 पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकरांची दुबार पेरणी म्हणजे नुसत्या बियाण्याचे 9,010 रुपये, मजुरी वेगळी. नांगे भरून भागले तर नशीब म्हणायचे.

बातमी वेळेवर पोचू शकते, याचा पुरावाही त्याच सालात आहे. एल निनो येतो आहे हे खात्याने एप्रिलमध्येच सांगितले होते. केंद्र सरकारने 2 जूनला तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली. मान्सून केरळात आला 8 जूनला. म्हणजे कपाशीच्या ओळींमधली आमची तूर पेरायची होती, बी अजून कणगीत होते, आणि व्यापाऱ्याला ती किती साठवता येईल हे ठरून गेले होते. कारण सांगितले साठेबाजीचे. 20 जुलैला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क बसवले. आभाळ कोरडे जाण्याची चिन्हे दिसली की शहराचे ताट स्वस्त ठेवण्याची तयारी दिल्लीत किती चपळाईने होते! पाऊस कमी, पीक कमी, तेव्हा उरलेल्या पिकाला चार पैसे जास्त मिळावेत ही निसर्गाची भरपाई. तीही काढून घेतली. आमचा आरोप शास्त्रज्ञांवर नाही. त्यांनी अंदाज सगळ्यांसाठी केला. तो भाव पाडण्याच्या कामी आधी आला आणि पीक वाचवण्याच्या कामी नंतर, किंवा आलाच नाही.

आणि जे थोडे पोचत होते त्याचे काय झाले? जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांत बसून तालुक्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी स्थानिक भाषेत देणारी 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे देशात 2018 नंतर उभी राहिली होती. जानेवारी 2024 मध्ये आदेश निघाला, मार्चअखेर ती बंद करा. निरीक्षणे आता यंत्रे घेतात, मग माणसे कशाला, असा युक्तिवाद. त्याच 2024 च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने 'मिशन मौसम'ला 2,000 कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्याच्या आणि नोएडाच्या संस्थांसाठी 850 कोटींच्या महासंगणकांचे उद्घाटन झाले. महासंगणक हवेतच, आमचा त्याला विरोध नाही. मे 2025 पासून अंदाजाची चौकट बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आली, ही मोठीच गोष्ट आहे; सहा किलोमीटरची चौकट म्हणजे सुमारे नऊ हजार एकर, चार-पाच गावांचे शिवार. पण विहीर खोल खणून घ्यायची, मोटार बसवायची आणि पाइपाचे शेवटचे दोन नळकांडे पैसे वाचवायला काढून टाकायचे, असा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही. ती चौकट वाचून 'तुमच्या भारी रानात थांबा, हलक्या रानात पेरा' हे सांगणारा माणूसच काढून टाकला. मोबाइलवर 'मेघदूत' आहे असे सांगतात. असू द्या. मोबाइलला उलटा प्रश्न विचारता येत नाही.

शेवटचा मुद्दा मोजमापाचा, आणि तो पैशाचा आहे. महाराष्ट्रात गावे चाळीस हजारांच्या वर, महसूल मंडळे दोन हजारांच्या वर. म्हणजे एका मंडळात सरासरी वीस गावे, आणि त्यांच्या पावसाचा साक्षीदार मंडळाचे एक स्वयंचलित यंत्र. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. 2023 मध्ये पीकविम्याची आगाऊ रक्कम ठरली ती 21 दिवसांच्या खंडावर. तुमच्या शिवारात खंड पडला आणि यंत्राजवळ एक सर येऊन गेली, तर कागदावर तुमच्या रानातही पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. वीस मिलिमीटरचा फरक म्हणजे एकरी दहा हजार लिटरचे आठ टँकर, आणि तो फरक एका ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे पडतो हे काय आम्हाला सांगायला हवे? ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवण्याची योजना केंद्राने 2023 मध्ये जाहीर केली आहे. ती कागदावरून शिवारात उतरली पाहिजे, आणि प्रत्येक यंत्राचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. पैसे आमचे, आभाळ आमचे, मग आकडा कुलपात का?

जिल्हा मेळाव्यात आम्ही हेच मांडणार आहोत. जिल्ह्याजिल्ह्याला हवामान सल्ल्याचा माणूस परत द्या. गेल्या हंगामात जिल्ह्याचा अंदाज किती वेळा बरोबर आला आणि किती वेळा चुकला, हे दरवर्षी मराठीत छापा. दहात सात वेळा बरोबर येतो हे कळले तरी आम्ही त्यावर पेरणीचा डाव मांडू शकतो, जुगार आम्हाला नवा नाही. आणि पाऊस कमी आहे या बातमीवर साठामर्यादा, निर्यातबंदी, शुल्क लावायचे असेल तर त्या दिवशी आमच्या नुकसानीचा हिशेबही टेबलावर ठेवा.

थोडे आपल्याकडेही पाहू. मृगाचे वाहन कोल्हा की बेडूक, हे आपल्याला पाठ असते. गेल्या वर्षी आपल्या रानात मृगात किती मिलिमीटर पडला, हे विचारले तर दहांत नऊ जण आभाळाकडे पाहतात. मंडळाचा आकडा खोटा आहे असे ओरडायचे, तर आपला खरा आकडा हातात हवा. सरकारी पर्जन्यमापक येईल तेव्हा येईल. उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडाझोपडीपासून लांब, मोकळ्या जागी पक्का रोवावा, आणि रोज सकाळी साडेआठला, खाते मोजते त्याच वेळेला, पट्टीने पाणी मोजून डबा रिकामा करावा. मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने पावसाची वही बरोबर आणावी. ज्यांनी ठेवली नसेल त्यांनी आजच सुरू करावी. वहीत तीन रकाने पाडा: तारीख, आपल्या डब्यातला पाऊस, आणि त्या दिवशी मंडळाच्या यंत्राने दाखवलेला पाऊस.