आवाज हरवत नाही, तो कुठेतरी अडतो

शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी कपाटात सापडते. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपांना तबकडी घालण्याची सोय नसते. म्हणून कुणीतरी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळवतो, एखादा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतो आणि तबकडीतील चित्रण मोबाईलवर चालेल अशा फाईलमध्ये बदलतो. बऱ्याच वेळाने फाईल तयार होते. पडदा सरकतो, मुले रंगमंचावर येतात, त्यांची तोंडे हलतात; पण आवाज मात्र येत नाही! मग दुसरा प्रोग्राम आणला जातो, नंतर तिसरा. दिसेल ते बटण दाबून पाहिले जाते. अखेर कुणीतरी निकाल देऊन टाकतो, "तबकडीच खराब झाली आहे, द्या फेकून."

विद्यार्थी मित्रहो, असा निकाल देण्यापूर्वी थोडे थांबा. चित्र नीट दिसत असताना तबकडीतला फक्त आवाज तेवढा खराब व्हावा, असे सहसा घडत नाही. का घडत नाही ते पुढे कळेलच. आवाज तबकडीपासून तुमच्या कानापर्यंत एका ठरलेल्या मार्गाने येतो आणि त्या मार्गावरच्या कोणत्या तरी एका टप्प्यावर तो अडतो. तो टप्पा शोधून काढणे हे प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रयोगाइतकेच विज्ञान आहे. आपल्या शाळांतून मात्र ते शिकवले जात नाही. ते शिकवले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तबकडीत काय असते?

डीव्हीडी १९९६ साली प्रथम जपानच्या बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर असतो आणि एका थराच्या तबकडीत ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. ती संगणकात उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातल्या 'व्हीओबी' फायलींत चित्र आणि आवाज असतात, तर 'आयएफओ' फायलींत त्यांची अनुक्रमणिका असते.

चित्र आणि आवाज एकच असतात, असा आपला समज असतो. वास्तविक ते दोन वेगळे प्रवाह आहेत. दोन पेडांची दोरी वळावी तसे चित्राचे थोडे तुकडे, मग आवाजाचे थोडे तुकडे, असे ते व्हीओबी फाईलमध्ये एकाआड एक गुंफलेले असतात. म्हणूनच तबकडीवर ओरखडा पडला तर चित्र आणि आवाज दोन्ही अडखळतात. फक्त आवाजच निवडून पुसणारा ओरखडा असत नाही!

शिवाय आवाजाचा प्रवाह एकच असतो असेही नाही. एका चित्रणाला आठपर्यंत ध्वनिप्रवाह जोडता येतात. एक मराठीचा, एक हिंदीचा, एक नुसत्या संगीताचा, असे ते असू शकतात.

आता आवाज कसा साठवतात ते पाहू. तो आकड्यांच्या रूपात साठवला जातो. सेकंदाला ४८,००० वेळा त्याची मोजणी करायची, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी हे करायचे, म्हणजे सेकंदाला १५,३६,००० बिट होतात. काही तबकड्यांत आवाज असा सरळ लिहिलेला असतो. त्याला पीसीएम म्हणतात. परंतु जागा वाचावी म्हणून बहुतेक तबकड्यांत तो 'एसी-३' या पद्धतीने आवळून लिहितात. दोन वाहिन्यांच्या आवाजाला या पद्धतीत सेकंदाला १,९२,००० बिट पुरतात. म्हणजे मूळच्या बरोबर एक अष्टमांश!

आवाज कुठे अडतो?

पणजोबांच्या हातचे मोडी लिपीतले एक पत्र तुम्हांला सापडले, अशी कल्पना करा. पत्र शाबूत आहे, शाई ठळक आहे, तरीही तुम्हांला ते वाचता येत नाही. दोष पत्रात नाही. तुम्हांला ती लिपी येत नाही इतकेच. एसी-३, पीसीएम, एमपी-३, एएसी या आवाजाच्या लिप्या आहेत. एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही हे नुसते लखोटे आहेत. लखोटा आणि लिपी या दोन गोष्टींतला फरक लक्षात आला, की अर्धे कोडे सुटलेच म्हणून समजा.

मोबाईलवर आवाज न येण्याचे एक नेहमीचे कारण हेच असते. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामाने चित्र नव्या पद्धतीने लिहिले, पण आवाज एसी-३ मध्ये होता तसाच नव्या लखोट्यात घातला. पुष्कळ मोबाईल आणि इंटरनेटचे ब्राउझर ही लिपी वाचू शकत नाहीत. ते चित्र दाखवतात आणि आवाज मुकाट्याने सोडून देतात. यावर उपाय सोपा आहे. प्रोग्रामात आवाजासाठी 'एएसी' निवडायचे. 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्रामात त्यासाठी 'ऑडिओ' असा वेगळा भाग आहे. तिथे 'पासथ्रू' असे लिहिलेले दिसले, तर आवाज न बदलता तसाच पुढे जाणार आहे असे समजावे. फाईलच्या नावातले 'व्हीओबी' खोडून 'एमपी-४' लिहिल्यानेही काही साधत नाही. लखोट्यावरचा पत्ता बदलला म्हणून आतली मोडी बाळबोध होत नाही!

दुसरे कारण म्हणजे चुकीची फाईल किंवा चुकीचा प्रवाह निवडणे. ज्या व्हीओबी फाईलच्या नावाच्या शेवटी शून्य असते तिच्यात सहसा मुखपृष्ठ, म्हणजे मेनू असतो आणि तो पुष्कळदा मुका असतो. खरे चित्रण शेवटी १ असलेल्या फाईलपासून सुरू होते. त्यामुळे एकेक व्हीओबी फाईल वेगळी उचलण्यापेक्षा सबंध फोल्डर प्रोग्रामाच्या हवाली करावा, म्हणजे त्याला अनुक्रमणिकाही वाचता येते.

तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. अनेक रूपांतरक प्रोग्रामांच्या पोटात 'एफएफएमपेग' नावाचा मोफत प्रोग्राम काम करत असतो. फाईलमध्ये कोणकोणते प्रवाह आहेत हे ठरवण्यासाठी तो आरंभीचा थोडाच भाग तपासतो. वेगळी सूचना दिली नाही, तर तो सुमारे ५० लाख बाइटांपर्यंतच पाहतो. सुरुवातीला नुसते शीर्षक असेल आणि आवाज उशिरा सुरू होत असेल, तर 'या फाईलला आवाजच नाही' असा त्याचा समज होतो. तपासणीची मर्यादा वाढवली की आवाज सापडतो. पहिले दोन चेंडू पाहून सामन्याचा निकाल सांगणाऱ्या माणसासारखीच ही घाई नव्हे काय?

चौथ्या प्रकारात आवाज येतो, पण अर्धाच. पार्श्वसंगीत ऐकू येते, संवाद मात्र गायब! चित्रपटांच्या तबकड्यांत पुष्कळदा आवाजाच्या सहा वाहिन्या असतात आणि संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. सहांच्या दोन करताना मधली वाहिनी डाव्या-उजव्या वाहिन्यांत मिसळावी लागते. ती न मिसळता नुसती गाळली, तर पात्रे मुकी होतात.

आणि पाचवे कारण तर सरळ तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले आहे. चित्रण करताना मायक्रोफोनची जोडणी चुकली, तर डाव्या वाहिनीतला आवाज उजवीच्या बरोबर उलटा नोंदला जाऊ शकतो. म्हणजे एकीत तरंगाचा उंचवटा असतो तेव्हा दुसरीत खळगा. इअरफोनवर दोन कानांना दोन वेगळे आवाज मिळतात, म्हणून काही बिघडलेले जाणवत नाही. पण एकच स्पीकर असलेल्या मोबाईलवर दोन्ही वाहिन्यांची बेरीज होते. अधिक आणि उणे मिळून शून्य! फाईलमध्ये आवाज दोनदा आहे, तरी कानावर एकदाही पडत नाही. ध्वनी संपादनाच्या प्रोग्रामात एका वाहिनीचे चिन्ह उलटे केले, की तो परत येतो.

मधोमध बोट ठेवा

कारणे आणखीही आहेत. पण ती सारी पाठ करावीत असे मी म्हणणार नाही. शोधण्याची रीत कळणे महत्त्वाचे आहे.

गणेशोत्सवात एकसरीत जोडलेली ६४ दिव्यांची माळ बंद पडली तर जाणता वायरमन पहिल्या दिव्यापासून एकेक दिवा तपासत बसत नाही. तो माळेच्या मधोमध टेस्टर लावतो. तिथपर्यंत वीज येत असेल, तर दोष पुढच्या ३२ दिव्यांत आहे. येत नसेल, तर मागच्या ३२ मध्ये. मग १६, ८, ४, २ आणि १. सहा वेळा तपासले, की दोष हाती लागतो. (माळेशी असा खेळ तुम्ही स्वतः करू नका, ते वायरमनचेच काम आहे.)

आवाजाच्या वाटेवरही मधोमध एक जागा आहे. ती म्हणजे तयार झालेली नवी फाईल. ती 'व्हीएलसी' या मोफत प्रोग्रामात उघडा आणि 'टूल्स' यादीतील 'कोडेक इन्फर्मेशन' पाहा. तिथे ध्वनिप्रवाहाची नोंदच नसेल, तर दोष अलीकडे आहे. म्हणजे मूळ तबकडीत, फाईलच्या निवडीत किंवा रूपांतरात. नोंद असेल, तर तिथेच लिपीचे नावही वाचता येईल. मग दोष बहुधा पलीकडे, वाजवणाऱ्या यंत्रात किंवा त्याला न येणाऱ्या लिपीत आहे. त्यानंतर अलीकडच्या बाजूला मूळ तबकडी थेट वाजवून पाहायची किंवा पलीकडच्या बाजूला तीच फाईल दुसऱ्या यंत्रावर आणि इअरफोनवर ऐकायची. दोन-तीन प्रश्नांत उत्तर मिळते.

एवढे करताना दोन पथ्ये पाळा. पहिले, एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रोग्राम, लखोटा आणि मोबाईल हे तिन्ही एकदम बदलले आणि आवाज आला, तर तो कशामुळे आला हे कळणार नाही. दुसरे, सबंध दोन तासांचे चित्रण पुनःपुन्हा बदलत बसू नका. जिथे कुणी बोलत आहे असा एका मिनिटाचा भाग घ्या आणि त्याच्यावर प्रयोग करा. प्रत्येक वेळी काय बदलले आणि काय घडले हे वहीत लिहा. फसलेला प्रयोगसुद्धा लिहून ठेवला, तर एक शक्यता कायमची बाद करतो.

"पण हे तर मेकॅनिकचे काम!"

यावर काही शिक्षक म्हणतील, की अभ्यासक्रम संपवताना दमछाक होते, त्यात ही नवी भर कशाला? दुकानात दिले, की काम होते. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. दुकानदार काम करून देतो आणि त्यात कमीपणाही काही नाही. परंतु विद्यार्थ्याला दुकानातून मिळते ती फाईल. रीत मिळत नाही. अनुमान बांधायचे, ते तपासता येईल असा प्रयोग आखायचा, एका वेळी एकच घटक बदलायचा, नोंद ठेवायची, हे आपण विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहितो. पुस्तकातल्या प्रयोगाचे उत्तर मात्र आधीच ठाऊक असते. मुक्या फाईलचे उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसते; शिक्षकांनाही नाही! म्हणूनच तिच्यातून रीत खरोखर शिकली जाते. आणि ही रीत बंद पडलेल्या पंपाला, पेट न घेणाऱ्या स्कूटरला आणि न जुळणाऱ्या हिशेबालाही तितकीच लागू पडते.

उशीर नको

या कामाला एक निकडही आहे. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या तबकड्यांत माहिती कारखान्यातल्या तबकड्यांप्रमाणे खड्ड्यांच्या रूपात छापलेली नसते. ती सेंद्रिय रंगाच्या एका थरात नोंदलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर कालांतराने बिघडतो. त्या वाचणारे ड्राइव्हही दुर्मिळ होत चालले आहेत. तेव्हा रूपांतर आजच करावे. पण नवी फाईल आरंभी, मध्ये आणि शेवटी कानांनी ऐकून पाहिल्याशिवाय तबकडी टाकू नये. चित्र दिसले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा मुके चित्रण उरते.

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयालाही ती मिळू शकली नाही. काही छायाचित्रे उरली. ज्या आवाजासाठी लोकांनी गर्दी केली, तो आवाज उरला नाही. तुमच्या शाळेच्या तबकडीत निवृत्त झालेल्या बाईंचे भाषण असेल, घरच्या तबकडीत आजीने म्हटलेली ओवी असेल. त्यांची प्रत दुसरीकडे कुठे मिळणार आहे? विकत घेतलेल्या चित्रपटांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्यावर कुलूप असते आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे बंधनही असते. आपण आपल्याच तबकड्यांपुरते बोलत आहोत.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. एक तास राखून ठेवा. एकाच चित्रणाच्या चार फायली करा. एकीतला ध्वनिप्रवाह काढून टाका, दुसरीत तो मोबाईलला न वाचता येणाऱ्या लिपीत ठेवा, तिसरीत डावी वाहिनी उलटी करा, चौथी निर्दोष ठेवा. वर्गाचे चार गट पाडून प्रत्येकाला एकेक फाईल द्या. कोणती निर्दोष आहे, ते सांगू नका. आणि उत्तराला गुण देण्याऐवजी वहीतल्या नोंदींना गुण द्या.