बाहेरगावी गेलेल्या आपल्या माणसाला जेवायला काय मिळतं? धंदा करायचाय, तर हा प्रश्न विचारा



जव्हार-मोखाड्यातली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आमच्याकडे नागली आहे, वरई आहे. मुंबईच्या मॉलमध्ये कशी विकायची?" माझं मत थोडं वेगळं आहे. मॉलचं नंतर बघू. आधी तुमच्याच पाड्यावरून दिवाळीनंतर जी माणसं कामाला बाहेर पडतात, त्यांच्या ताटाकडे बघा. तुमचं पहिलं गिऱ्हाईक तिथे बसलंय.

चित्र तुम्हाला माहीतच आहे. भात-नागलीची कापणी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. कोणी भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामावर, कोणी नाशिककडे शेतीच्या कामाला. पाऊस तोंडावर आला की परत. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घराबाहेर. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण रोजच्या जगण्यात पडणारा फरक परदेशी जाण्याइतकाच मोठा. पाणी वेगळं, सरपण वेगळं, दुकानदार अनोळखी आणि ताटातली भाकरी गायब.

भट्टीवर बहुतेक ठिकाणी पद्धत अशी, की आधी बयाणा घ्यायचा, मग आठवड्याला खर्ची मिळते आणि पूर्ण हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. त्या खर्चीत जवळच्या दुकानात मिळेल तेच घ्यावं लागतं. तांदूळ, बटाटे, तेल, मसाल्याची पुडी आणि पोरांच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट. नागली त्या दुकानात नसते. आता हे बघा : शंभर ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १० च्या आसपास. कुपोषणासाठी ज्या तालुक्यांची नावं पेपरात येतात, तिथल्याच लेकरांच्या ताटातून सहा महिने नागली जाते. म्हणून मी म्हणतो, हा धंदा नीट केला तर पैसाही आहे आणि पुण्यही.

कोकणातला माणूस आखातात नोकरीला जातो तेव्हा बॅगेत कुळथाचं पीठ, आमसुलं, पापड कोंबतोच ना? पहिले दोन महिने तोच त्याचा आधार. भट्टीवर जाणाऱ्या बाईलाही तेच हवं असतं. फक्त तिच्याकडे सहा महिन्यांचा साठा न्यायला ना जागा, ना पैसा.

हे आधीही झालंय

मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले हजारो कामगार जेवले कुठे? खानावळीत. घरातल्या घरात स्वयंपाक करून बायकांनी त्यांना जेवू घातलं. पण माल आणायला सावकाराचं कर्ज आणि कामगाराचा पगार झाला की वसुली. नफा व्याजात जायचा. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, या बायकांना एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक त्यांना आधीही येत होता. बदललं ते भांडवल कुठून येतं, एवढंच. तेवढ्याने चित्र पालटलं.

दुसरा धडाही तिथलाच. १९८२ मध्ये गिरणी संप झाला आणि पगार थांबले. ज्या खानावळीचं सगळं गिऱ्हाईक एकाच गिरणीचं, तिची उधारी कोण देणार? म्हणून एकाच भट्टीवर विसंबू नका. दोन भट्ट्या, एक बांधकाम आणि थोडी विक्री जव्हारच्या बाजारात, असं ठेवा.

आता हिशोब

आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही भरा.

समजा १०० किलो नागली ४० रुपयांनी घेतली : ४,००० रुपये. साफ करून ९५ किलो उरली. दळण किलोला ५ रुपये : ४७५. पिशवी आणि लेबल किलोला ३ रुपये : २८५. वाहतूक ६००. एकूण ५,३६०. विकली ६५ रुपयांनी : ६,१७५. उरले ८१५. तुमची दोन दिवसांची मजुरी ८०० धरा. हातात राहिले १५ रुपये!

घाबरू नका. तेच ५०० किलोचं करा. नागली २०,०००, दळण २,३७५, पिशव्या १,४२५, वाहतूक १,०००. एकूण २४,८००. विक्री ४७५ किलोची, ३०,८७५. उरले ६,०७५. पाच दिवसांची मजुरी २,००० काढली तरी ४,०७५ राहतात. गाडीचं भाडं मालाच्या पटीत वाढत नाही, सगळी गंमत तिथे आहे. त्याच गाडीत सुकट, वरई, उडीद, लसणाची चटणी गेली तर आणखी बरं. हे एकट्याने होत नसेल तर बचत गटाने करावं.

माल दाण्याच्या रूपात साठवा, नागलीचा दाणा चांगला टिकतो. पीठ मात्र लागेल तसंच दळा. अन्न परवान्याची एफएसएसएआय नोंदणी करून घ्या, उद्यम नोंदणी फुकट आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा.

एक गोष्ट अजिबात करू नका

भट्टीवर गेलात की कोणीतरी सुचवेल, "शेठच्या वहीत लिहा, हंगामाच्या शेवटी कापून देऊ." सोपं वाटतं, वसुलीची कटकट नाही. पण ज्या माणसाच्या डोक्यावर आधीच बयाणा आहे, त्याच्या वहीत तुम्ही आणखी एक ओळ वाढवता. तिथून पुढे भाव तुमचा राहत नाही, हिशोब त्याला दिसत नाही आणि पावसाळ्यात तो रिकाम्या हाताने घरी येतो, तुमच्याच पाड्यावर. असा धंदा चालेलही, पण मी त्याला धंदा म्हणणार नाही.

खर्ची मिळते त्या दिवशी जा. एक किलो, अर्धा किलोच्या पिशव्या ठेवा. रोख घ्या. बाईला परवडेल तेवढंच द्या. रेशन कार्ड दुसऱ्या गावीही चालतं, हे तिला सांगा. तांदूळ तिला तिथे मिळाला तर तुमची विक्री बुडत नाही, उलट खर्चीतले चार पैसे नागलीसाठी सुटतात.

या आठवड्यात एवढंच काम करा. तुमच्या पाड्यावरच्या पाच घरांत जा आणि विचारा : गेल्या हंगामात कुठे होतात, आठवड्याला किती खर्ची मिळायची, काय विकत घ्यायचात आणि काय मिळत नव्हतं? उत्तरं वहीत लिहा. नाव, लोगो, पॅकिंग यांचा विचार ती वही भरल्यावर करू.