नासिककरांचे नाक

आमच्या गावाला नासिक हे नाव कसे पडले, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून नासिक. नाक कापल्याची कथा अशी आमची; कापलेले नाक पुन्हा बसवल्याची हकीकत मात्र पुण्याची.

१७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. वर्षभर बिचारा तसाच होता. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. थोट्या नाकावर मेणाचा पातळ पापुद्रा बसवून त्याने आकार घेतला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि वर भिजवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या. पण दोन भुवयांमधली कातडीची एक चिंचोळी पट्टी त्याने कापलीच नाही. तिच्यातून रक्त येत राहिले. नाक धरले तेव्हा, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, तिच्यावर सुरी चालवली. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिच्या आधारे कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसेच नाक केले. त्या वीटवाल्याचे नाव साहेबाने टिपले नाही, आणि आम्हीही नाही.

मिरवायला मात्र आम्ही पुढे! २०१९ साली जालंधरच्या विज्ञान परिषदेत एका कुलगुरूंनी सांगितले की, शंभर कौरव मूलपेशींच्या विद्येतूनच जन्मले. मी यावर पोटभर हसलो असतो. पण हेच पाप माझ्या जिभेने केले आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे पाय जन्मापासून अधू. वडील दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. एका दवाखान्याने त्यांना मूलपेशींची इंजेक्शने सुचवली. ‘नॅनो तंत्र’ असे पत्रकावर ठळक छापलेले, आणि खर्च साडेतीन लाख. ते माझ्याकडे आले. “गुरुजी, तुम्ही पुस्तकं लिहिता. तुम्हीच सांगा.” मी दहावीपुढे चित्रकलेची पदविका घेतलेला मास्तर. पण कादंबरीकाराला ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द बोलणे फार जड जाते. मी म्हणालो, “आपल्या पुराणांतही हे होतंच की!” त्यांनी बागेवर कर्ज काढले.

वाचायला मी बसलो ते नंतर. त्या पत्रकातले शब्द खोटे नाहीत, हीच तर खरी मेख. विजेच्या ताणाने केसाच्या शेकडो पटींनी बारीक धागा ओढून प्रयोगशाळेत त्याची जाळी विणतात, आणि तिच्यावर पेशी वाढवतात. ज्या पृष्ठावर पेशी बसते, ते मऊ की कडक, यावरही ती पुढे काय होणार हे अवलंबून असते. एकाच जातीच्या मूलपेशी मऊ थरावर मज्जापेशींसारख्या आणि कडक थरावर हाडाच्या पेशींसारख्या झाल्या, असे २००६ साली अमेरिकेत दाखवून दिले गेले. पण गाडे अडते कुठे? रक्तापाशी! केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापलीकडे पेशीला प्राणवायू पुरत नाही, म्हणून जाड मांसल भाग रुजवणे महाकठीण. वीटवाल्याने न कापलेली ती पट्टी आजही शास्त्रज्ञ शोधत आहेत. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. १९८६ साली पेशी जतन करून पुरवण्यासाठी ते सुरू झाले. पेशी जगवणे, एवढ्यासाठीच एक संस्था उभारावी लागते! आणि दवाखानेवाला सुई टोचून म्हणतो, बाकीचे त्या पेशी बघून घेतील.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्येच लिहून ठेवले आहे की, रक्ताच्या काही विकारांवरील मूलपेशीरोपण मान्य. इतर वापर व्हावा तो मंजूर चाचणीतच, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याबद्दल पैसे घेता येत नाहीत. पुढे तपासून परवानगी मिळालेली थोडी उत्पादने तेवढी वेगळी. म्हणजे साडेतीन लाखांची पावती हाच पुरावा होता! तो कागद मराठीत माझ्या हाती कोणी दिला नाही, अशी तक्रार मी करू शकतो. पण मी मागितला तरी कुठे होता?

यावर एक सुज्ञ गृहस्थ मला म्हणाले, “मास्तर, माणूस आशेवर जगतो, ती कशाला हिरावता?” मी आशा हिरावीत नाही हो. आशेचा दर ठरवून तो बागेच्या सातबाऱ्यावर चढवणाऱ्याला विचारतो आहे की, तुझी ती पट्टी कुठे आहे? पेशी जगतील कशावर, रक्त येईल कोठून, हे लेखी दे. वीटवाल्याला ते ठाऊक होते, आणि त्याने पुराणाचा दाखला दिल्याचे कुठे नमूद नाही.

मुलाचे पाय होते तसेच आहेत. सहामाहीच्या पहिल्या पेपराला वडील त्याला पाठुंगळीला घेऊन आले, बाकावर बसवले आणि मला हात जोडून नमस्कार केला. मी खडू शोधण्याचे निमित्त करून टेबलाच्या खणात मान घातली.