रिपोर्ट नॉर्मल, डोके मात्र ठणकतेच

दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला नाही की घरचे देवापुढे साखर ठेवतात. रास्तच आहे. पण हिसक्याने मेंदूत जे बिनसते ते बहुतेकदा स्कॅनमध्ये उमटतच नाही. २०२० मध्ये कॅनबेराच्या क्रिकेट सामन्यात हेल्मेटवर चेंडू लागलेल्या जडेजाच्या जागी चहल उतरला, तेव्हापासून मेंदूची ही इजा, ‘कन्कशन’, आपल्या ओळखीची झाली. त्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या डोकेदुखीची मात्र कुणी फारशी दखल घेत नाही.

बहुतेकांची डोकेदुखी काही आठवड्यांत ओसरते. ज्यांची तीन महिन्यांनंतरही टिकते, त्यांच्या हाती आपण काय देतो? पेनकिलरची पट्टी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या पोटात जाऊ लागल्या, की कालांतराने त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते.

अशा रुग्णांसाठी ‘नर्व्ह ब्लॉक’ हा एक पर्याय आहे, आणि तो त्यांच्या कानावर घातलाच जात नाही, ही आमची तक्रार आहे. मानेच्या वरच्या भागातून निघालेली एक नस डोक्याच्या मागून टाळूकडे जाते. तिचे आणि चेहऱ्याच्या नसेचे संदेश मानेतच एकत्र येतात, म्हणून दुखणे मागे सुरू होऊन डोळ्यामागे ठणकते. ही मागची नस बधिर करण्यासाठी रुग्णाने मान पुढे झुकवायची. डॉक्टर कवटीचा मागचा उंचवटा बोटाने चाचपून, तिथून थोडे कानाकडे सरकून, बारीक सुईने लिग्नोकेनसारखे बधिरतेचे औषध देतात. सुई मणक्यात जात नाही. ही भीती अनेकांना असते. काही मिनिटांत तेवढा भाग बधिर होतो. बधिरता काही तासांत उतरते, आराम मात्र काहींना कित्येक आठवडे पुरतो.

काहींनाच, हेही स्पष्ट सांगायला हवे. मायग्रेन आणि क्लस्टर डोकेदुखीत या उपचाराचा पुरावा बरा आहे. कन्कशननंतरच्या दुखण्यात तो अजून तुटपुंजा, छोट्या अभ्यासांवर बेतलेला आहे. म्हणून इंजेक्शनांची ‘पॅकेजे’ विकणे आम्हाला मुळीच मान्य नाही. कवटीचे हाड काढलेल्या जागी सुई टोचू नये. सोबत स्टेरॉइड दिल्यास तिथले केस गळू शकतात. दुखणे वाढत असेल, उलट्या किंवा गुंगी असेल, तर ब्लॉकचा विचार बाजूला ठेवून तडक आपत्कालीन विभाग गाठावा. आणि मिळालेला आराम गोळ्या कमी करण्यासाठी, झोपेची घडी बसवण्यासाठी, मानेच्या व्यायामासाठी वापरला नाही, तर तो वाया गेला.

अपघातग्रस्ताला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याची तारीख असते. त्याच कार्डावर महिन्याभरानंतर डोके आणि मान तपासण्याची तारीखही लिहा, आणि दुखणे टिकले तर कोणत्या पेन क्लिनिकला जायचे, तेही.