क्रिएटिनिन वाढण्याआधी

मूत्रपिंडाला अचानक इजा झाली, की डॉक्टर आजही आधी रक्तातले क्रिएटिनिन बघतात. शे-दोनशे रुपयांत होणारी, तालुक्याच्या गावीही मिळणारी ही चाचणी टाकाऊ मुळीच नाही. पण ती उशिरा बोलते. इजा आज झाली, तर आकडा वाढायला एक ते तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात औषधे बदलण्याची, रक्तदाब सावरण्याची वेळ निघून गेलेली असते.

इजा लवकर दाखवणाऱ्या नव्या जैवसूचकांचे महत्त्व इथे आहे. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातील डॉ. प्रसाद देवराजन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांची लघवी तपासली. पुढे ज्यांची मूत्रपिंडे बिघडली, त्यांच्या लघवीत ‘एनगॅल’ हे प्रथिन दोन तासांतच वाढलेले होते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेशींवरचा ताण दाखवणाऱ्या दोन प्रथिनांच्या ‘नेफ्रोचेक’ चाचणीला मान्यता दिली. २०२३ च्या अखेरीस मुलांसाठी एनगॅललाही मिळाली. हे खरे यश आहे.

पण धोक्याची सूचना मिळाली, तरी झालेली इजा परतवणारे औषध आजही नाही. जर्मनीतील म्युन्स्टरच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये जे दाखवले, ते म्हणूनच मोलाचे. हृदयशस्त्रक्रियेनंतर नेफ्रोचेकमध्ये धोका दिसलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी काटेकोर काळजी दिली: रक्तदाब आणि शरीरातले पाणी सांभाळणे, साखर ताब्यात ठेवणे, मूत्रपिंडाला घातक औषधे टाळणे. नेहमीच्या उपचारांत सुमारे ७२ टक्के रुग्णांना इजा झाली, काटेकोर काळजीच्या गटात ५५ टक्के. म्हणून नव्या चाचणीचे किट घेणाऱ्या रुग्णालयाने आधी ठरवावे, की निकाल वाईट आला तर त्याच तासाला कोण काय करणार. ते ठरले नसेल, तर तो खर्च करू नये.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. एनगॅल पांढऱ्या पेशींतही असते, त्यामुळे मोठा जंतुसंसर्ग झाला की मूत्रपिंड धड असूनही ते वाढते. वर सांगितलेल्या पाश्चात्त्य अभ्यासांतले रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे. आपला रुग्ण पावसाळ्यात लेप्टोचा, मलेरियाचा, जुलाबाचा, कोकणात घोणस चावलेला. तिथल्या रुग्णांवरून ठरलेली मर्यादा आपल्या रुग्णांना तशीच लावणे धोक्याचे आहे.

आणि हाताशी असलेली साधनेही आपण नीट वापरत नाही, याची खंत अधिक वाटते. चाळीस किलो वजनाच्या शेतमजूर बाईचा विचार करा. अंगावर मांस नाही, म्हणून एरवीचे क्रिएटिनिन ०.५. तापाच्या चौथ्या दिवशी ते १.० येते. रिपोर्टवर ते ‘नॉर्मल’ छापले जाते, कारण छापील मर्यादेच्या आत आहे. प्रत्यक्षात आकडा दुप्पट झालेला असतो, आणि २०१२ च्या जागतिक निकषांप्रमाणे ही दुसऱ्या टप्प्याची इजा आहे. तिचा जुना रिपोर्ट कुणी मागितलाच नाही, तर हे कळणार कसे? त्याच निकषांप्रमाणे तिची लघवी सलग सहा तास ताशी २० मिलिलिटरच्या खाली राहिली, तरी इजा झाली असे धरायचे. पण लघवीची पिशवी भरली की ओतून टाकली जाते, तक्त्यावरचे रकाने कोरे राहतात. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुले विषारी खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली, तेव्हाही लघवी थांबणे हीच ठळक खूण होती.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. मोठ्या अतिदक्षता विभागांत आणि हृदयशस्त्रक्रियेच्या ठिकाणी नव्या चाचण्या जरूर आणाव्यात. केईएम, ससूनसारख्या रुग्णालयांत लेप्टो आणि सर्पदंशाच्या रुग्णांवर या चाचण्यांच्या मर्यादा नव्याने तपासाव्यात. त्यासाठी राज्य सरकारने पैसे द्यावेत. आणि ग्रामीण रुग्णालयांत या पावसाळ्यापासूनच दाखल होणाऱ्या प्रत्येक तापाच्या, जुलाबाच्या आणि सर्पदंशाच्या रुग्णाचे पहिल्या दिवशीचे क्रिएटिनिन केसपेपरवर ठळक लिहावे, लघवी मापाच्या भांड्यात मोजावी आणि दर सहा तासांनी तिची बेरीज डॉक्टरांना दाखवावी.